बायामावशीचा पाला

मी श्रीपती. मळवली स्टेशनावरून भाज्याकडं जाताना डाव्या हाताला एका मुंबईवाल्या शेठचा बंगला लागतो, तो गेली बावीस वर्षं मी सांभाळतोय. बंगला सांभाळायचा म्हणजे संशय घ्यायचा, दुसरं काय! फाटकापाशी कोण उगाच रेंगाळतंय, पाहुणा म्हणून आलेला खरंच शेठचा पाहुणा आहे का, नळ कोणी उघडा टाकला, सगळं बघावं लागतं. माझी बायको सरूबाई म्हणते, "तुमी आरशात बघूनसुदिक इचारताल, कोन रं तू?" म्हणू दे बापडी. पण माझ्याहून संशयी माणूस मी जन्मात एकच पाहिलं, ते म्हणजे बायामावशी. तिच्याविषयी गावात लोक वाट्टेल ते बोलतात. कोणी चेटकीण म्हणतं, कोणी गांजेकस म्हणतं. दोन्ही साफ खोटं. खरं काय ते मला माहीत आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे, म्हणून सांगतो.

बायामावशी वरच्या ठाकरवाडीची. विसापूरच्या अंगाला सात-आठ घरं, त्यातलं शेवटचं तिचं. गवताचा भारा, करवंदं, रानभाजी असं काहीबाही घेऊन खाली यायची. अंगानं काटकुळी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. आणि एक खोड होती. नवं माणूस दिसलं की ती आधी त्याच्या पायांकडं बघायची, मग तोंडाकडं. पहिल्यांदा माझ्या पायांकडं अशी बघत राहिली की मला वाटलं, हिचा डोळा माझ्या नव्या वहाणांवर आहे. मी त्या दिवसापासून वहाणा आत ठेवायला लागलो.

आता माझ्या पोरीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. हिरा माझी एकुलती एक. सात वर्षांची असताना तिला आकडी यायला लागली. चालता चालता डोळे फिरायचे, धाडकन आडवी व्हायची, हातपाय ताठ. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आकडी थोडी कमी झाली, पण पोरगी दिवसभर पेंगायची, मास्तरांनी हाक मारली तरी मान वर करायची नाही, आणि आठवड्याला एक-दोनदा आकडी होतीच. सासूचं टुमणं चालू होतं, देवऋष्याकडं न्या म्हणून. मी म्हटलं, अजिबात नाही! आम्ही छप्पन्न साली धम्म घेतला, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, ते काय पुन्हा अंगाऱ्या-धुपाऱ्याच्या नादी लागायला? सासू म्हणाली, पोरीपरीस तुमचा हेका मोठा. ते माझ्या जिव्हारी लागलं.

त्या चैत्रात मावशी करवंदांची पाटी घेऊन मागल्या दारी आली होती. हिरा ओसरीवर सागरगोटे खेळत होती, आणि खेळता खेळता कलंडली. सरू धावली. शेजारची नंदाबाई पायातली चप्पल काढून धावली, नाकाशी धरायला. मावशीनं ती चप्पल हिसकून फाटकाबाहेर भिरकावली.

"पायतान हुंगून कुनी बरं झालंय व्हय गं? सरक तिकडं!"

तिनं हिराला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर दिला आणि आकडी ओसरेपर्यंत तशीच उकिडवी बसून राहिली. मग सरूला विचारलं, किती दिसांनी येतंय. सरूनं सांगितलं. मावशीनं परत एकदा माझ्या पायांकडं बघितलं.

"भाऊ, हिला मी पाला दीन. पन कुटं बोलायचं न्हाई. बोललासा तर म्या पुना हितं पाय टाकनार न्हाई."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. ही भगतीण असणार, आज पाला देईल, उद्या कोंबडं मागेल. तिसऱ्या दिवशी ती पळसाच्या पानात गुंडाळून गोळ्या घेऊन आली. तुपात परतलेल्या, काळपट हिरव्या, हरभऱ्याएवढ्या. मी आडवा आलो. म्हटलं, हे काय आहे ते कळल्याशिवाय पोरीच्या तोंडात जाणार नाही. तिनं त्यातलीच एक गोळी उचलून माझ्यादेखत स्वतःच्या तोंडात टाकली, चावली, गिळली आणि आ करून जीभ दाखवली.

"आमच्यात द्येनारा आदी खातो," ती म्हणाली. "माज्या आयनं मला असंच शिकिवलं. माज्या तोंडात जे जानार न्हाई, ते म्या दुसऱ्याच्या तोंडात घालनार न्हाई."

दर खेपेला हेच. मांडी घालून बसायची, आधी स्वतः एक खायची, मग गोळ्या सरूच्या हातात. पुढं पुढं सरूलाही तीच सवय लागली. हिराला देण्याआधी कणभर आपल्या जिभेवर ठेवायची. दोन महिन्यांत आकडी महिन्यातून एकदा यायला लागली. दिवाळीनंतर सबंध तीन महिने आली नाही. पोरगी शाळेत पाढे म्हणायला लागली हो! मास्तर मला बाजारात थांबवून म्हणाले, श्रीपती, काय केलंस? मी म्हटलं, काही नाही, वयानं सुधारतंय. पण मला चैन पडेना. देणारी बाई सांगत नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, हे डोक्यातून जाईना.

म्हणून एक दिवस मी तिच्या मागोमाग वर गेलो. लपत-छपत, झुडपाआडून, स्वतःचीच लाज वाटावी असा. तिच्या घरामागं नाचणीचा तुकडा होता आणि बांधाला सगळीकडं अंबाडी लावलेली. दोरासाठी आणि भाजीसाठी सगळेच लावतात. मावशी त्या अंबाडीत शिरली आणि मधल्याच दोन-चार झाडांचा पाला खुडायला लागली. मी जवळ गेलो. पान तसंच, हाताच्या पंजासारखं चिरलेलं. पण मी एक पान चोळलं आणि वास घेतला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"गांजा! मावशी, माझ्या लेकराला तू गांजा घालत हुतीस?"

ती दचकली नाही. विळा खाली ठेवून बांधावर बसली.

"व्हय, गांजाच. आन तुजं लेकरू पाडं म्हनतंय. आता जा पोलिसाकडं. वाट ठावं हाय न्हवं?"

मी उभाच राहिलो. कुठं जाणार होतो? तीन महिने पोरगी पडली नव्हती. त्या दिवशी बांधावर बसून तिनं मला तिच्या नवऱ्याचं सांगितलं. कोंडू त्याचं नाव. चार वर्षांमागं एक माणूस वाडीवर आला होता. पोट धरून कळवळत होता. लांबच्या गावाहून अनवाणी चालत आलोय म्हणाला. मावशीनं त्याला भाकरी दिली, पाला दिला. तीन दिवसांनी तोच माणूस दारूबंदीच्या लोकांबरोबर आला, पायात बूट घालून. गिऱ्हाईक बनून आलेला खबऱ्या होता तो. कोंडूनं सगळं आपल्या अंगावर घेतलं, बायकोचा काही संबंध नाही म्हणाला. त्यांनी कागद लिहिला, कोंडूच्या अंगठ्याला शाई लावली, कागदावर दाबला आणि त्याला घेऊन गेले. सहा महिन्यांनी परत आला तो खोकत आला, आणि पावसाळा काही बघितला नाही त्यानं.

"त्याच्या टाचा लोन्यावानी मऊ हुत्या," मावशी म्हणाली. "लांबनं अनवानी आलेल्याच्या अशा असत्यात व्हय? माजं ध्यानच न्हवतं पायाकडं. म्या बघितलं असतं, तर माजा धनी आज हितं बसला असता."

तेव्हा मला तिच्या पायांकडं बघण्याचं कारण कळलं, आणि वहाणा आत ठेवल्याची शरम वाटली.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मावशी दम मारणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. आमच्या गावचा गेणू, चिलीम ओढून दिवसभर पाराखाली पडलेला असायचा, तो एकदा वर मागायला गेला तर ती विळा घेऊन उठली होती. तिच्या आईनं जपलेलं बी होतं, चिलमीचा माल वेगळा आणि हा वेगळा, असं ती म्हणायची. पोट आवळून येतं त्याला, आकडीला, बाळंतपणानंतर झोप उडालेल्या बाईला, गुरांच्या पोटफुगीला, एवढ्यालाच पाला. जुनी माणसं सांगतात, त्यांच्या काळी गांजा सरकारी ठेक्यावर राजरोस मिळायचा, वैद्य औषधात घालायचे. मग बंदी आली. गेणूला काय त्रास झाला बंदीचा? काही नाही, त्याला कुठून तरी मिळतच राहिला. अडकला तो कोंडू.

अडुसष्ट साली शेठच्या ओळखीचे एक डॉक्टर पुण्याहून हवापालटाला बंगल्यावर आले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे, सकाळी धोतर खोचून बागेतल्या झाडांची नावं वहीत लिहिणारे. मी पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर डोळा ठेवला. झाडांची नावं लिहिणारा माणूस मला सरळ वाटेना. पण हिराशी ते छान बोलायचे, आणि तिच्या आकडीचं कळल्यावर एक दिवस त्यांनीच सरूला विचारलं, हिला आकडीच्या गोळ्या चालू आहेत ना, मग एवढी तरतरीत कशी? सरू भोळी, सगळं सांगून बसली. मी घरात येऊन तिला काय काय बोललो ते आता सांगवत नाही.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. कपाटातून एक कागद काढला, त्यावर सरकारी शिक्का. त्यांना कॉलेजात याच झाडावर संशोधन करायचा परवाना मिळाला होता, मोठ्या खटपटीनं, एका वर्षापुरता.

"श्रीपती, शिक्षा दम मारण्याला द्या नाहीतर देऊ नका, तो वेगळा वाद आहे," ते म्हणाले. "पण औषधाला कशाला तुरुंगात टाकलंय? तुझ्या मुलीला फरक पडला तो पाल्यानं की वयानं, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तपासल्याशिवाय कोणालाच कळणार नाही, आणि कायदा तपासू देत नाही. मी तपासलं आणि खरं ठरलं, तर उद्या हीच गोळी दवाखान्यात मिळेल. तुझ्या मुलीला लपवून खावी लागणार नाही. ती बाई म्हातारी होतेय. तिच्यामागं काय करणार आहेस?"

हे शेवटचं माझ्या काळजाला लागलं. तरी मी दोन दिवस घेतले. त्यांच्या खोलीत झाडू मारताना बॅग बघितली, आत पुस्तकं आणि बंड्या. पोस्टमास्तरांकडून त्यांच्या पत्रांचा पत्ता पडताळला, खरंच कॉलेजचा. तेव्हा कुठं माझी खात्री पटली. मग मी वर गेलो आणि मावशीला गळ घातली. तिनं नको नको म्हणता म्हणता एकदाच विचारलं, "तुजा इस्वास हाय त्याच्यावं?" मी म्हटलं, "हाय." माझ्या तोंडून हा शब्द निघालेला बघून तिलाही नवल वाटलं असावं. म्हणाली, घिऊन ये.

डॉक्टर चढण चढून दमले होते. त्यांनी बूट काढले, तर मावशीनं आधी त्यांचे पाय बघितले. बुटाला सवकलेले पाय, पण चालून खरोखर सुजलेले, म्हणून तिनं मान डोलावली. पाणी दिलं. डॉक्टर तिच्याशी अगदी लेकासारखे बोलले, मावशी, मावशी करून. किती पाला, किती तूप, कोणत्या महिन्यात खुडायचा, सगळं तिनं सांगितलं. मी मनात म्हटलं, चला, जमलं. आणि मग डॉक्टरांनी पिशवीतून कागद काढला, शाईची डबी काढली आणि म्हणाले,

"मावशी, पाला कोणाकडून मिळाला ते मला सरकारला दाखवावं लागतं. इथं तुमचा अंगठा हवा. भिऊ नका, तुम्हाला काही होणार नाही, तसं यात लिहिलंय."

माणूस प्रामाणिक होता हो! कायद्यानं सांगितलं तसं करत होता. पण मावशीचा चेहरा मी बघितला. शाईच्या डबीवरून तिची नजर हलेना. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "पाला वाळाया पायजे, साहेब. परवा या. डबा भरून ठिवते. अंगठा बी तवाच."

तिचा गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

परवा आम्ही गेलो. वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, वाळवून चुरलेल्या पाल्यानं गच्च भरलेला. डॉक्टरांनी वरचा मूठभर पाला काढून निराळ्या कागदात बांधला, तपासायला. तळहातावर चोळला, मलाही वास दिला. तोच वास, शंकाच नको. मावशीनं अंगठा दिला. अंगठ्याची शाई मात्र तिनं मातीनं घासघासून पुसली. डॉक्टरांनी तिच्या पायांना हात लावला, तर ती पाय मागं घेऊन उभी राहिली. आम्ही डबा घेऊन उतरलो. मी इतका खुशीत होतो की वाटेत गाणं म्हणत होतो.

पुढच्या आषाढात मावशी गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपली. मी वर पोचलो तेव्हा माती झाली होती, आणि बांध मोकळा होता. तिचा दीर गोविंदा म्हणाला, पोलिसाची बला नको म्हणून सगळं उपटून जाळलं, बियांसकट. अंबाडीत कुठलं काय ते ओळखू येईना, म्हणून अंबाडीही जाळली. घरात सरूपाशी वीस-बावीस गोळ्या होत्या, त्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवल्या. गणपतीत हिराला परत आकडी आली. दसऱ्यापर्यंत आठवड्याला दोनदा. मी गेणूचे पाय धरले, त्यानं चिलमीचा माल आणून दिला. तो दिला तर पोरगी दोन दिवस बरळत राहिली, भिंतीला घाबरायला लागली. तो मी चुलीत टाकला.

एकच आशा उरली होती, डॉक्टर. मी पुण्याला गेलो. त्यांच्या कॉलेजातल्या खोलीत ते एकटेच बसले होते. मला बघून उठले, खुर्ची दिली आणि सांगितलं की काही हाती लागलं नाही.

"झाड तेच आहे, श्रीपती. तू बघितलंस ना, मी वरचा पाला काढला होता, तो तपासला, पक्का तोच निघाला. मग डब्यातला उंदरांना दिला, कॅपसुलांत भरून वीस रोग्यांना दिला. काही म्हणजे काही परिणाम नाही. मी अहवालात तसं लिहून दिलं. गुण नाही. परवाना संपला, आता नवा मिळायचा नाही."

"पन माजी पोरगी, साहेब?"

"वयानं असेल. योगायोग असेल." त्यांचेही डोळे भरले होते. मी हात जोडले, म्हटलं, उरलेला पाला तरी द्या. त्यांनी नियम मोडला तो त्या दिवशी. कपाटातून डबा काढला, तळाशी चौथाई उरला होता. "ने," म्हणाले, "यात काही नाही. पण तुझं समाधान होणार असेल तर ने."

मी तो डबा पोटाशी धरून घरी आणला. हिरा त्या सकाळीच पडली होती, कपाळाला खोक होती. सरूनं लगबगीनं तूप कढवलं, पाला परतला, गूळ घालून गोळी वळली. आणि सवयीप्रमाणं कणभर आपल्या जिभेवर ठेवली.

तिनं तोंड वाकडं केलं. परत एक कण घेतला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "अवं, ही आंबट हाय. ही अंबाडी हाय वं."

मी हात घालून डबा तळापर्यंत उपसला. सगळी अंबाडी. वरची मूठ तेवढी खरी होती, ती डॉक्टरांनी तपासायला नेली. आणि मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. मावशीनं डबा दिला, अंगठा दिला, पण चिमूटभर पाला स्वतःच्या तोंडात टाकला नव्हता. हिराला पहिल्यांदा दिला तेव्हापासून एकदाही चुकलं नव्हतं ते तिचं, आणि त्या दिवशी ती नुसती उभी राहिली. खोटं औषध तिनं खाल्लं नाही. न खाऊन तिनं मला डोळ्यांदेखत सांगितलं होतं, आणि मी, सगळ्या जगावर संशय घेणारा मी, गाणं म्हणत खाली उतरलो! स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मावशीचा राग आला का? आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग कोंडूचा अंगठा आठवला. अंगठा मागणाऱ्या कागदाला ती खरा पाला कसा देणार होती?

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "निरुपयोगी म्हणून मीच सही केली आहे, श्रीपती. आता परत मागायला जायचं तर खरा पाला हवा. आहे कुठं?"

नाही. कुठंच नाही.

हिरा आता अठरा वर्षांची आहे. पुण्याच्या गोळ्या चालू आहेत. तिला एकटीला विहिरीवर जाऊ देत नाही, चुलीपाशी बसू देत नाही. दोन ठिकाणाहून विचारायला आले होते, आकडीचं कळल्यावर परत फिरले.

मावशीच्या बांधावर पावसाळ्यात अजून अंबाडी उगवते, जळली तरी कुठं कुठं बी राहिलंच असणार. अंबाडीचं राहिलं, मग त्याचंही एखादं राहिलं असेल, नाही का? अंबाडीला पिवळी फुलं आली की निराळं झाड आपोआप कळेल, पण तोवर मला थांबवत नाही. पानं हाताएवढी झाली की मी दर वर्षी वर जातो आणि एकेका झाडाचं पान तळहातावर चोळून वास घेतो. यंदाही जाऊन आलो. सगळी अंबाडीच होती.